वीज वाचली तरच शेवटचा हप्ता: बिल्डिंगच्या कामाचा असा करार नीट कसा करायचा

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, कुठंही बघा, दवाखाना असो की हॉस्टेल की पतसंस्थेची बिल्डिंग, एसीचं नाहीतर छताचं काम काढलं की आता बरेच जण म्हणतात, ठेकेदाराचे थोडे पैसे मागे ठेवू आणि वीज सांगितल्याएवढी वाचली की मगच देऊ. विचार एकदम बरोबर आहे. पण वर्षभरानंतर भांडण होतं, आणि ते भांडण बचतीवरून कमी आणि "आधी किती युनिट जळत होते" यावरूनच जास्त असतं. मालक म्हणतो वाचली नाही, ठेकेदार म्हणतो वाचली, आणि दोघांच्या हातात वेगवेगळे आकडे.

मी हे करार बनवतो आणि तपासतो, आणि बहुतेक ठिकाणी एकच चूक दिसते, ती म्हणजे क्रम उलटा. आधी रेट ठरतो, मग ठेकेदार, मग करार टाइप होतो आणि मीटरचा विचार सगळ्यात शेवटी. खरं म्हणजे मीटर आधी, बेसलाइन (कामाआधीची खपत) त्यानंतर, मग कोणाच्या हातात काय ते, मग लक्ष्य, आणि पैशाची बोलणी त्याच्याही नंतर. खाली त्याच क्रमाने लिहितोय, मधला टप्पा गाळू नका.

काम दोन-चार लाखांचंच असेल तर एवढा खटाटोप करू नका. तिथं फक्त मशीनची चाचणी लावा, बसवल्यावर किती अँपिअर खेचतं आणि किती थंडावा देतं एवढं मोजा आणि पैसे मोकळे करा. पुढचं सगळं मोठ्या कामासाठी आहे.

## टप्पा १: कागद गोळा करा

कमीत कमी १२ महिन्यांची वीजबिलं लागतात, ३६ मिळाली तर फारच उत्तम. एक उन्हाळा गार गेला आणि एक तापला तर एका वर्षावरून काही कळत नाही. ऑफिसात फाइल सापडत नसेल तर ग्राहक क्रमांकावरून जुनी बिलं काढून घ्या.

प्रत्येक बिलावर एवढं बघा: रीडिंग खरं घेतलंय की सरासरीने लावलंय, मीटरचा गुणक किती, जास्तीत जास्त डिमांड किती नोंदली, आणि हायटेन्शन कनेक्शन असेल तर केडब्ल्यूएच (खरे जळलेले युनिट) आणि केव्हीएएच (पॉवर फॅक्टर धरून काढलेले युनिट) दोन्ही आकडे. हायटेन्शनचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामी आली ते प्रमाण) घसरला की युनिट तेवढेच जळूनही बिल फुगतं. त्यामुळे बचतीचा हिशेब केडब्ल्यूएचमध्ये ठेवा आणि पॉवर फॅक्टर सांभाळायची जबाबदारी करारात वेगळी लिहा. दोन्ही एकत्र केलं की पॉवर फॅक्टर सांभाळणारा कपॅसिटर बिघडला का एसी, हे कोणीच सांगू शकत नाही.

बिलांशिवाय हे पण लागतं:

- जनरेटरचं लॉगबुक, किती तास चालला आणि डिझेल किती लागलं
- दवाखान्यात किती बेड भरलेले, हॉस्टेलमध्ये किती मुलं, हे महिन्यावार
- टेपने मोजलेलं क्षेत्रफळ, त्यात एसीचं वेगळं (नकाशावरचं चालत नाही, गॅलऱ्या बंद करून खोल्या केलेल्या असतात)
- एसी, कूलर, पंखे, पंप यांची यादी, कितीचे आणि कधीचे

तपासा: १२ पैकी दोनपेक्षा जास्त बिलं सरासरीची असतील तर ते वर्ष बेसलाइनला घेऊ नका.

### सोलर असेल तर इथंच थांबा

ही चूक इतक्या वेळा होते की वेगळी लिहावीच लागते. छतावर सोलर आणि नेट मीटरिंग असेल तर बिलावर दिसणारे युनिट म्हणजे बिल्डिंगची खरी खपत नव्हे. खरी खपत काढायची तर सोलरने बनवलेले युनिट अधिक ग्रिडमधून घेतलेले, वजा ग्रिडला दिलेले. मी असा करार बघितलाय की ज्यात "बिल ४० टक्के कमी होईल" एवढंच लिहिलेलं होतं, ठेकेदाराने एसीला हात न लावता पॅनल वाढवले आणि बिल कमी झालं. मालकाला वाटत होतं छताचं इन्सुलेशन होणार, खोल्या थंड राहणार, पण शब्द "बिल" हा होता आणि शब्दाप्रमाणे ठेकेदार बरोबर ठरला. करारात "बिल" हा शब्दच नको, "बिल्डिंगची एकूण खपत" असं लिहा आणि वरचं सूत्र त्याच कलमात टाका.

## टप्पा २: मीटर आधी बसवा

मेन मीटर महावितरणचा असतोच, पण बचत नेमकी कुठं झाली ते त्यावरून कळत नाही. एसी, लाइटिंग, पंप आणि उरलेलं सगळं असे चार तरी सबमीटर लावा. काम सुरू व्हायच्या निदान तीन महिने आधी, आणि त्या तीनमध्ये एप्रिल-मे आला तर सोन्याहून पिवळं.

मुख्य मीटरवर हिशेब ठेवायचा की फक्त एसीच्या सबमीटरवर, हे पण इथंच ठरवा. मोजणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत, म्हणजे आयपीएमव्हीपीत, चार पर्याय आहेत आणि त्यातला पूर्ण इमारतीचा पर्याय साधारणपणे तेव्हाच घेतात जेव्हा बचत एकूण खपतीच्या १० टक्क्यांवर अपेक्षित असते. त्याखाली बचत असेल तर ती रोजच्या चढउतारात हरवून जाते, तिथं सबमीटरवरच जा.

आता मीटर बसवताना काय होतं ते सांगतो. एका दवाखान्यात एसीच्या फीडरला (एसीला वीज नेणाऱ्या लाइनला) सबमीटर लावलेला, सीटी (मोठा करंट ठरलेल्या प्रमाणात लहान करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर) २००/५ ची, आणि मीटरमध्ये सेटिंग राहिलेली १००/५ ची. पाच महिने सगळे खूश, एसी निम्म्या युनिटवर चालतोय म्हणून. मी पॅनल उघडून उभा होतो, शेजारी तिथला वायरमन, तो क्लॅम्प मीटर केबलला लावून हळूच म्हणाला, "दादा, मीटर ते चालू शे, पन आकडा आर्धाच दखाडस." क्लॅम्पवर ८४ अँपिअर आणि मीटरवर ४२. पाच महिन्यांचे आकडे दुप्पट करून परत लिहावे लागले आणि ठेकेदाराला त्यावर दिलेला हप्ता पुढच्या हप्त्यातून वळता करताना जी कटुता आली ती शेवटपर्यंत गेली नाही. माझ्या तपासणीत हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं, तेव्हापासून क्लॅम्प लावल्याशिवाय मी एकाही मीटरवर सही करत नाही.

दुसरी चूक म्हणजे तीन सीटींपैकी एक उलटी बसते. लोड सारखा असेल तर दोन फेज अधिक आणि एक वजा होतो आणि मीटर खऱ्याच्या फक्त एक तृतीयांश दाखवतो.

तपासा, दोघांच्या समोर:
1. तिन्ही फेजला क्लॅम्प लावा, मीटरच्या अँपिअरशी जुळवा.
2. तिन्ही फेजची किलोवॅट अधिक चिन्हात आहे का बघा.
3. सबमीटरची बेरीज मेन मीटरशी आठवडाभर जुळवा, दोन-तीन टक्के फरक चालतो, त्यापेक्षा जास्त असेल तर एखादा फीडर राहिलाय.
4. सीटी रेशो, मीटर नंबर आणि सुरुवातीचं रीडिंग यांचा फोटो काढा, सील लावा, फोटो कराराला जोडा.

## टप्पा ३: बेसलाइन, म्हणजे "आधी किती जळत होती"

इथं घाई करू नका, सगळा करार यावर उभा असतो.

खानदेशात बेसलाइनची खरी अडचण ऊन आहे. मार्च ते जून एसीचा लोड वर जातो, डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ शून्यावर येतो, आणि एका वर्षीचा मे दुसऱ्या वर्षीसारखा नसतो. म्हणून "मागच्या मेला एवढे, या मेला एवढे, फरक म्हणजे बचत" असं कधीच करू नका. उन्हाचा हिशेब वेगळा काढावा लागतो आणि तो दिसतो तेवढा अवघड नाही.

दिवसाचं सर्वात जास्त आणि सर्वात कमी तापमान घ्या, सरासरी काढा, त्यातून २४ वजा करा. मेमधला दिवस ४४ आणि रात्र २८ असेल तर सरासरी ३६, म्हणजे त्या दिवसाचे १२ अंश. सरासरी २४ च्या खाली असेल तर शून्य धरा. महिन्याच्या सगळ्या दिवसांची बेरीज म्हणजे त्या महिन्याचा थंडाव्याचा भार, इंजिनिअर लोक याला कूलिंग डिग्री डे म्हणतात. (२४ हा आकडा पण दगडावरची रेघ नाही, तुमच्या बिल्डिंगचा एसी कोणत्या सरासरीला सुरू होतो त्यावरून ठरवा.) आता १२ महिन्यांचे युनिट आणि १२ महिन्यांचे हे अंश एक्सेलमध्ये टाकून रेषा काढली की सूत्र मिळतं.

समजा एका दवाखान्याचं सूत्र असं निघालं: महिन्याचे युनिट = ९,००० + ५५ × अंश. म्हणजे ऊन नसलं तरी ९,००० लागतातच, वरचं सगळं उन्हाचं. मेची सरासरी ३४ असेल तर अंश होतात १० × ३१ = ३१०, आणि युनिट २६,०५०. पुढच्या वर्षी मे फक्त एका अंशाने जास्त तापला, सरासरी ३५ झाली, तर अंश ३४१ आणि युनिट २७,७५५. एका अंशाने १,७०५ युनिट वाढले, यात ठेकेदाराचा काहीच दोष नाही. हेच उलटं पण होतं, उन्हाळा सौम्य गेला की ठेकेदाराला फुकटची बचत मिळते आणि मालकाचे पैसे जातात.

तपासा: रेषा आकड्यांशी नीट बसते का बघा. एक्सेल आर-स्क्वेअर दाखवतं (१ च्या जितकं जवळ तितकी रेषा चांगली बसली), ते ०.७५ च्या खाली असेल तर ऊन सोडून दुसरं काहीतरी खपत ठरवतंय. दवाखान्यात भरलेले बेड असतील, सावदा-रावेरकडच्या केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये (केळी पिकवायच्या थंड खोलीत) किती टन माल आला आणि शेतातून किती गरम आला हे असेल. तेव्हा सूत्रात ती गोष्ट पण घ्या. केळीच्या चेंबरला तर "युनिट प्रति टन" हाच सरळ हिशेब आहे, तिथं चौरस फुटावर जाऊच नका.

तापमान कुठून घ्यायचं हे करारात नावासकट लिहा, हवामान खात्याचं जवळचं केंद्र, आणि त्याची नोंद मिळाली नाही तर तुमचा स्वतःचा डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवत राहणारं यंत्र). तो लॉगर सावलीत, हवेशीर जागी, पत्र्यापासून आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब. पत्र्याखाली लावलेला लॉगर हवेचं तापमान सांगतच नाही.

### कूलरचा प्रश्न

आपल्याकडे जुन्या बिल्डिंगमध्ये निम्म्या खोल्यांत कूलर असतात. कूलर थोड्या विजेत चालतो, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगला चालतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये खोली दमट करून टाकतो. नवीन कामात त्या खोल्यांना एसी लागला की युनिट वाढणारच. मग मालक म्हणतो बचत कुठंय? इथं दोघांनी बसून आधी ठरवायला पाहिजे की जुन्या बिल्डिंगला नव्या सोयीएवढा थंडावा दिला असता तर किती जळले असते, आणि तो वाढीव आकडा बेसलाइनमध्ये लिहायचा. हे नंतर कधीच ठरत नाही, कारण नंतर प्रत्येकाला आपल्या फायद्याचा आकडा माहीत झालेला असतो.

## टप्पा ४: कोणाच्या हातात काय, ते कागदावर

खपत वाढवणाऱ्या सगळ्या गोष्टी लिहून काढा आणि प्रत्येकीसमोर एकच नाव लिहा. "दोघंही" असं लिहिलंत तर ती जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

मालकाकडे: किती तास चालू, किती माणसं, थर्मोस्टॅट किती वर, नवीन मशीन, दारं-खिडक्या. ठेकेदाराकडे: एसीची कार्यक्षमता, इन्सुलेशनची जाडी आणि सांधे, कंट्रोलचं सेटिंग, करारात असेल तर देखभाल.

देखभालीवर जरा जास्त बोलतो. आपल्याकडे धूळ भरपूर आणि कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ तर बाहेरच्या युनिटच्या जाळीवर रुईचा थरच बसतो, मशीनला श्वास घेता येत नाही आणि युनिट जास्त खातं. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने कूलरच्या पॅडवर आणि पाण्यावरच्या कंडेन्सरमध्ये पांढरा थर येतो. पांढरा रंग मारलेलं छत धुळीने मळलं की ऊन परत फेकायची ताकद कमी होते. म्हणून मोजणीच्या वर्षात देखभाल ठेकेदाराकडेच द्या, जाळी किती दिवसांनी धुवायची, छत कधी धुवायचं, सगळं तारखेसकट. देखभाल मालकाने स्वतःकडे ठेवली तर ठेकेदाराला शेवटी बोट दाखवायला जागा मिळते.

## टप्पा ५: लक्ष्याचा आकडा

जुनी बिल्डिंग असेल तर लक्ष्य म्हणजे बेसलाइनच्या सूत्रातून वजा किती युनिट. टक्के लिहू नका, युनिट लिहा.

नवी बिल्डिंग असेल तर बेसलाइनच नसते, तिथं वर्षाला प्रति चौरस मीटर किती युनिट हे लक्ष्य धरतात. आपल्याकडची ईसीबीसी २०१७ ही ऊर्जा बचतीची इमारत संहिता १०० किलोवॅट कनेक्टेड लोड किंवा १२० केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांडपासून वरच्या व्यापारी इमारतींसाठी आहे, पण ती डिझाइन आणि साहित्याची अट सांगते, तुमचं मीटर किती फिरेल ते सांगत नाही. "ईसीबीसीप्रमाणे बांधून देतो" आणि "वर्षाला एवढेच युनिट लागतील" ही दोन वेगळी वचनं आहेत, करारात दोन वेगळी कलमं करा.

लक्ष्याच्या शेजारी सोयीची अट लिहिलीच पाहिजे. नाहीतर वीज वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एसी बंद ठेवणं. "ओपीडी आणि वॉर्डमध्ये सकाळी ९ ते रात्री ९ तापमान २६ च्या वर जाणार नाही, दमटपणा ६० टक्क्यांच्या आत" अशी भाषा हवी आणि ते मोजायला खोल्यांत लॉगर हवेत. ऑपरेशन थिएटर आणि औषधांचा फ्रिज वेगळे काढा, तिथं बचत मागू नका.

उलट बाजू पण लिहा. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी चालू केले की २४ वर येतात, पण रिमोटने खाली नेता येतातच, आणि मेच्या दुपारी स्टाफ १८ वर लावून दार उघडं ठेवतो. अशा वेळी ठेकेदाराला दंड लावणं हा अन्याय आहे. थर्मोस्टॅट कुलूपबंद ठेवा, किंवा किती खाली गेलं त्याची नोंद ठेवून तो फरक हिशेबातून वगळा.

## टप्पा ६: टेंडर आणि बोलणी

आता कुठं ठेकेदार बोलवायचे. बेसलाइनचं सूत्र, मीटरचे फोटो, जबाबदारीचा तक्ता आणि लक्ष्य, सगळं टेंडरला जोडून द्या.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गोल्डनला तिथल्या सरकारी अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१० मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या ऑफिससाठी मागण्या तीन गटांत लावल्या होत्या: हे हवंच, हे फार हवंय, आणि जमलं तर बघा. ही पद्धत आपल्याकडच्या २०-३० लाखांच्या कामाला पण तशीच्या तशी चालते. बजेट पक्कं सांगा आणि एवढ्या पैशात कोण किती युनिट कमी करून देतो ते विचारा, मग ठेकेदार स्वतः डोकं लावतो. तुम्ही "अमुक कंपनीचा अमुक टनाचा एसी" असं ठरवून दिलं आणि वर युनिटची हमी पण मागितली तर हमी टिकत नाही, कारण मशीन तुम्ही निवडलं.

धोक्याची खूण: बिलं न बघता जो पहिल्याच भेटीत "३० टक्के नक्की" म्हणतो, त्याच्याकडून आकडेमोड लेखी मागा. दिली नाही तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: पैशाचे हप्ते

सगळे पैसे बचतीला बांधू नका, छोटा ठेकेदार तेवढं भांडवल कुठून आणणार, तो एकतर रेट चढवतो नाहीतर मध्येच काम सोडतो. माझा नेहमीचा हिशेब असा, समजा काम २८ लाखांचं:

| कशावर | टक्के | रुपये |
|---|---|---|
| अ‍ॅडव्हान्स | १० | २,८०,००० |
| माल साइटवर, तपासून | ३५ | ९,८०,००० |
| बसवून झालं | २५ | ७,००,००० |
| चाचण्या पास | १५ | ४,२०,००० |
| वर्षाच्या मोजणीवर | १५ | ४,२०,००० |

आता बचत कमी पडली तर किती कापायचं? समजा हमी वर्षाला ४५,००० युनिटची आणि वाचले ३८,०००. तूट ७,०००. मोजणीतली चूक म्हणून हमीच्या ५ टक्के, म्हणजे २,२५०, सोडून द्या. उरले ४,७५०. युनिटचा दर करारात १२ रुपये धरला असेल तर ५७,००० रुपये.

इथंच बहुतेक जण थांबतात आणि चुकतात. ही तूट एका वर्षाची नाही, मशीन आणि इन्सुलेशन आहे तोवर दरवर्षी ती मालकाच्या माथी बसणार आहे. फक्त एका वर्षाचे ५७,००० कापले तर ठेकेदाराला चांगलं काम करण्यापेक्षा दंड भरणं स्वस्त पडतं. म्हणून तूट तीन वर्षांच्या हिशेबाने लावा, म्हणजे १,७१,०००, आणि वरची मर्यादा ४,२०,००० ठेवा. वाचले जास्त तर जादा बचतीतला निम्मा वाटा एका वर्षापुरता ठेकेदाराला द्या, त्यालाही मर्यादा घाला.

दर करारातच पक्का करा. वीजदर बदलले तरी हिशेबाचा दर बदलणार नाही असं लिहा, नाहीतर दरवाढीचं श्रेय आणि दोष दोघं एकमेकांवर ढकलतात.

कायद्याचं लक्षात ठेवा: भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ मध्ये करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. हवेतला "५ लाख दंड" लिहिण्यापेक्षा युनिट × दर × वर्षं असं सूत्र लिहिलंत तर रक्कम वाजवी का आहे ते कागदच सांगतो.

दुसरं म्हणजे ठेकेदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यात पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे. वर्षभर रक्कम अडकवून ठेवायची तर यावरून वाद निघू शकतो. सरळ मार्ग असा की चाचण्या पास झाल्यावर पूर्ण पैसे द्या आणि मोजणीच्या हप्त्याएवढ्या रकमेची बँक गॅरंटी घ्या, मोजणीचं वर्ष संपून वर तीन महिने चालेल अशी. हे कलम वकिलाला आणि सीएला दाखवल्याशिवाय सही नको.

## टप्पा ८: ताबा घेण्याआधीच्या चाचण्या

छताचं इन्सुलेशन फरशी किंवा कोबा टाकायच्या आधी बघा, जाडी पट्टीने मोजा, सांध्यांना टेप आहे का बघा, फोटो काढा. एकदा वर कोबा पडला की आत काय आहे ते देवच जाणे. डक्टच्या गळत्या, फ्रेश एअरचे डॅम्पर, टायमरच्या वेळा, सेन्सरची जागा (दरवाज्यासमोर किंवा उन्हाच्या भिंतीवर नको), हे सगळं यादी करून दोघांनी टिक करा.

चाचणी एकदाच करू नका. बाष्पीभवनावर चालणारी कोणतीही पद्धत एप्रिलमध्ये झकास दिसते, कारण हवा कोरडी असते. तीच ऑगस्टमध्ये परत तपासा. आणि काम डिसेंबरात संपलं तर एसीची अर्धी चाचणी मेपर्यंत राखून ठेवा, चाचणीच्या हप्त्यातले पाच टक्के त्यावर ठेवा. डिसेंबरात सगळेच एसी चांगले चालतात.

तपासा: चाचणीच्या दिवशी लाइट गेली आणि जनरेटरवर चालवलं तर ती चाचणी धरू नका, व्होल्टेज वेगळं असतं.

## टप्पा ९: मोजणीचं वर्ष

मोजणी ताबा घेतल्याच्या दिवसापासून लगेच सुरू करू नका, महिना-दोन महिने सेटिंगला द्या आणि मग सुरू करा, सलग १२ महिने.

दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी १० ला दोघांचा माणूस एकत्र रीडिंग घेईल, फोटो, वहीत सही. ठेकेदाराचा माणूस आला नाही तर काय, हे पण लिहा: फोटो पाठवला, सात दिवसांत हरकत आली नाही तर रीडिंग मान्य. जनरेटरचे युनिट त्याच्या मीटरवरून घ्या. मीटर नसेल तर डिझेलवरून लिटरला साधारण ३ ते ३.५ युनिट धरतात, पण सेट कमी लोडवर चालला की हा आकडा खाली येतो, म्हणून ६-८ हजारांचा मीटर लावलेला बरा.

एक बदल-वही ठेवा. नवीन एक्स-रे मशीन आलं, वरचा मजला सुरू झाला, लॉन्ड्री बाहेर दिली, कॉम्प्रेसर आठ दिवस बंद होता, प्रत्येक गोष्ट तारखेसकट त्याच आठवड्यात लिहा आणि दोघांची सही घ्या. यातल्या प्रत्येक बदलाचे युनिट बेसलाइनमध्ये वर-खाली करावे लागतात. वर्षाच्या शेवटी आठवून लिहिलेली वही कोणी मानत नाही.

आणि दर तिमाहीला सूत्रात आकडे टाकून बघाच. तिसऱ्या महिन्यात तूट दिसली तर ठेकेदाराला दुरुस्तीची ३० दिवसांची लेखी संधी द्या, बऱ्याचदा कारण क्षुल्लक असतं, रात्री चालू राहिलेला फ्रेश एअरचा पंखा नाहीतर कोणीतरी बदललेला टायमर.

## टप्पा १०: शेवटचा हिशेब

बारावं रीडिंग झालं की १५ दिवसांत हिशेब मांडा: सूत्रात या वर्षीचे अंश टाकून निघालेले युनिट, अधिक-वजा बदल-वहीतले, वजा प्रत्यक्ष जळलेले. एक्सेल फाइल दोघांकडे सारखी, कोणत्या रकान्यात काय आहे ते कराराच्या वेळीच ठरलेलं.

पटलं नाही तर थेट लवाद किंवा कोर्टात जायची गरज पडू नये म्हणून करारात आधीच लिहा की बीईईची (केंद्र सरकारच्या ऊर्जा बचत संस्थेची) परीक्षा पास झालेला प्रमाणित एनर्जी ऑडिटर, जो दोघांशीही संबंधित नाही, तो फक्त आकड्यांवर निर्णय देईल, फी निम्मी-निम्मी, मुदत ३० दिवस. त्यानंतरही वाद उरला तर लवाद, आणि लवादाचं ठिकाण जळगाव किंवा धुळे, जिथं काम झालं ते. छापील नमुन्यातून करार उचलला की मुंबई किंवा दिल्ली लिहिलेलं राहून जातं आणि चार लाखांच्या वादासाठी तिकडे कोण जाणार.

हिशेब मिटला की सही झालेल्या पानाची प्रत लावून बँकेला गॅरंटी सोडायचं पत्र त्याच आठवड्यात द्या. सबमीटर मात्र काढू नका, त्यांचे पासवर्ड, सीटीचे तपशील आणि एक्सेल फाइल ठेकेदाराकडून लिहून घ्या आणि दर १ तारखेचं रीडिंग तुमच्या माणसाकडून चालूच ठेवा.